अठ्ठ्याहत्तर ठोके

माझ्या पर्समध्ये एक यादी असते. घड्यांवरची अक्षरं पुसली की मी ती नव्या कागदावर उतरवते. आमच्या अकोल्याच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीत कोणी वारलं की कोणाला कोणत्या क्रमाने फोन करायचा, त्याची ही यादी. मी राहते अमरावतीला, एका कॉलेजच्या परीक्षा विभागात नोकरी करते. यादी मात्र अकोल्याची, कारण माहेर तिथलं आणि आईचं जे झालं ते तिथे झालं.

आई गेली तेव्हा अशी यादी नव्हती. सगळे रडत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने कळवलं असेल. आमच्या मंडळीची एक जुनी रीत आहे. कोणी वारलं की चर्चची घंटा वाजते. जितकं वय तितके ठोके, सावकाश, दर ठोक्यानंतर थांबून. ती घंटा ऐकल्याशिवाय कबर खणणारा कुदळीला हात लावत नाही. आईची घंटा वाजायला दुपारचा एक वाजला. मे महिना होता. वऱ्हाडातली काळी माती मे महिन्यात दगड होते, तिच्याखाली मुरूम लागतो, सहा तासांच्या आत कबर होत नाही. पाच वाजता आम्ही कब्रस्तानाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा खड्डा मांडीइतका झाला होता. आई दोन तास फाटकाबाहेर कडुनिंबाखाली गाडीत पडून राहिली. लोक घड्याळं पाहू लागले. काही निघून गेले. चर्चचे पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "देवाची वेळ आपल्याला कळत नसते, ताई."

मला चांगली कळत होती. सव्वासात झाले होते.

त्याच आठवड्यात मी यादी केली. सोळा कामं, सोळा माणसं, प्रत्येकाच्या पुढे दुसरा पर्याय. पहिली ओळ घंटावाले काका, दुसरी कबर खणणारा, तिसरी पेटीचा सुतार. मंडळीच्या पंचांनी ती चर्चच्या फळ्यावर लावली आणि त्यानंतर आमचं एकही माणूस फाटकाशी थांबलं नाही.

जगणं-मरणं प्रभूच्या हाती आहे, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. हाती असेल. पण पेटी किती फुटांची करायची हे सुताराला प्रभू सांगत नाही, ते मला सांगावं लागतं. आणि शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, हेही मी दर रविवारी सगळ्यांच्या सुरात म्हणत आले, एसटीत बसल्यावर समोरच्या पाट्या वाचाव्यात तसं. वाचून कोणी काही करत नाही. निदान आमच्या जुन्या मंडळीत करत नसत.

माझा धाकटा भाऊ करायला लागला. तो बाबांबरोबर अकोल्याला राहतो, पण दर बुधवारी अमरावतीला यायचा, एका प्रार्थना हॉलमध्ये. बडनेरा रोडवर टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो हॉल आहे. तिथला उपदेशक चाळिशीचा, पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात बिनवायरचा माइक. मरण हे नोकर आहे, त्याला हुकूम द्यायला शिका, असं तो शिकवायचा. मी एकदा जाऊन ऐकलं आणि जिन्यातच भावाला म्हटलं, "याले एकदा आपल्या कब्रस्तानात आन. तिथं पुष्कळ नोकर पडून हायेत." भाऊ तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही.

बाबा शाळेत ड्रिल शिकवायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही मान ताठ, आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा. किडन्या गेल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार तास डायलिसिसच्या मशीनवर. मशीनपेक्षा त्यांना पाणी जाचायचं. दिवसाला अर्धा लिटर, औषधाच्या घोटासकट, आणि तेही अकोल्याच्या उन्हाळ्यात. मी त्यांना मापाची बाटली आणून दिली होती, तिच्यावर तासातासाच्या रेघा मारून. त्या बाटलीकडे ते असे पाहायचे की मैदानावर असती तर बाटलीला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांनी मशीन चुकवलं. दुपारी तीन तासांची उपासना असते आणि ती त्यांनी आयुष्यात कधी चुकवली नव्हती. सणासाठी मी अकोल्याला आलेलीच होते. मी वाद घातला नाही, हॉस्पिटलला फोन करून शनिवारी सकाळी दहाची वेळ घेतली. शनिवारी आठ वाजता बाबा मोरीच्या दारात कोसळले.

डॉक्टर शांत होते. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं आहे, नाडी पस्तीसवर आली आहे, मशीन लावतो, पण लावता लावताही काही होऊ शकतं. "तयारी ठेवा," म्हणाले आणि आत गेले.

तयारी ठेवा, हे मला कोणी सांगू नये.

भाऊ मोटारसायकल काढून उपदेशकाला आणायला गेला. तो त्या दिवशी मूर्तिजापूरला कोणाकडे आला होता. मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून यादी उघडली. शनिवार होता. ईस्टरच्या पहाटेची उपासना आमच्याकडे कब्रस्तानातच होते. कबरी चुन्याने रंगवतात, मेणबत्त्या लावतात, म्हणून शनिवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत तिथे खणणं नाही, पुरणं नाही. संध्याकाळी सहाच्या आत कबर होऊन पुरणं झालं नाही तर बाबा सोमवारपर्यंत बर्फाच्या पेटीत राहणार. एप्रिलमधली माती, सहा तास. म्हणजे अकराच्या आत कुदळ पडायला हवी.

मी कबर खणणाऱ्याला फोन केला.

"बुढेबाबा गेले काय, ताई?"

"जातील आता. तू सुरू कर."

"नाई जमत. जित्या मानसाची कबर म्या खनत नाई, माया बापानं खनली नाई. घंटा वाजू द्या, मंग पाहा."

दहा चाळीसला मी घंटावाल्या काकांना फोन केला. म्हटलं, "काका, बाबा गेले."

"कवा?"

"दहा पस्तीसला."

कोणी मागितली नव्हती इतकी नेमकी वेळ मी दिली. मला वाटलं, तासाभरात माझं बोलणं खरं होईल. त्यात पाप वाटलं नाही, फार तर क्रम मागेपुढे झाला असं वाटलं. आई त्या फाटकाशी दोन तास थांबली होती. बाबा थांबणार नव्हते.

हॉस्पिटल चर्चपासून दोन गल्ल्या. घंटा सुरू झाली आणि मी व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून मोजू लागले, कारण काकांचा आकडा कधी कधी चुकतो. साठ झाल्यावर आतून परिचारिका आली आणि म्हणाली, "मशीन लागलं, ताई. चालू झालं." मी मान डोलावली. सत्तरीत आल्यावर वाटलं, थांबवावं. पण अर्धवट थांबलेल्या घंटेचा लोकांनी काय अर्थ लावायचा, ते यादीत नव्हतं. काकांनी बरोबर अठ्ठ्याहत्तर ठोके दिले.

सव्वाबाराला भाऊ उपदेशकाला घेऊन आला. वाटेतच कोणीतरी त्याला फोन करून कळवलं होतं. तो माझ्या पायाशी फरशीवर बसला. "काहून गेले वं ताई? म्या येईपर्यंत थांबले नाई."

"डॉक्टर आत आहेत अजून," मी म्हटलं. ते खरं होतं.

उपदेशकाने विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"डॉक्टरांनी तयारी ठेवायला सांगितली." तेही खरं होतं. पण तो ऐकत नव्हता, बूट काढत होता. दोन मिनिटांची परवानगी घेऊन दोघे आत गेले. मशीन बाबांच्या शेजारी फिरत होतं, नळ्यांतून लाल रक्त जात-येत होतं, आणि या माणसाने बाबांच्या कपाळावर हात ठेवून मरणाला मोठ्या आवाजात निघून जायचा हुकूम दिला. परिचारिकेने आवाज कमी करायला सांगितलं. मरणाने ऐकलं की नाही माहीत नाही, तिचं मात्र त्याने ऐकलं.

दोन पन्नासला बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, "पानी."

डॉक्टर खुश होते. पोटॅशियम उतरलं, मशीनने काम केलं, अजून तास उशीर झाला असता तर कठीण होतं. हे सगळं मी भावाला शब्दाला शब्द सांगितलं. तो चपलांच्या रॅकजवळ गुडघे टेकून बसला होता, त्याला ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात कबर खणणाऱ्याचा फोन. "ताई, छातीइतकी झाली. मापाले येता काय?"

"थांबव."

"आता?"

"बाबा शुद्धीवर आले."

पलीकडे कुदळ खाली टेकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मंग हे कबर कोनाची हाय?"

आमच्यात खणलेली कबर रिकामी बुजवत नाहीत. तिच्यावर टिनाचा पत्रा टाकतात, पत्र्यावर दगड ठेवतात आणि वाट पाहतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात आली, प्रभू उठल्याची गाणी झाली, आणि प्रत्येकाची नजर त्या पत्र्याकडे. सगळ्यांनी आदल्या दिवशी ठोके मोजले होते. फाटकाशी पाळकसाहेबांनी मला विचारलं, "घंटेचं कोणी सांगितलं होतं?"

"गोंधळ झाला," मी म्हटलं.

ते सभ्य माणूस, पुन्हा विचारलं नाही. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोलले नाही, आणि का बोलले नाही ते सरळ लिहिते. लोक माझ्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचे, आणि यादीवाली बाई बापाच्या मरणाबद्दल खोटं बोलली, हे मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. चहा-बिस्किटं होईपर्यंत भावाने सगळ्यांना सांगून टाकलं की बाबा मरून उठले. नऊ वाजता उपदेशक आला, दगड बाजूला केले, पत्रा सरकवला आणि रिकाम्या कबरीचे फोटो काढले.

बुधवारी बाबा घरी आले, शुक्रवारचं मशीन झालं. मी अमरावतीला परतले. पुढच्या मंगळवारी दुपारी वहिनीचा फोन आला, अगदी हळू आवाजात.

"ताई, आज बाबांना नेलं नाई. अन् मडक्यातलं पानी पिऊन राहिले, पोटभर."

"काहून नेलं नाई?"

"हे म्हनतात, ज्याले देवानं कबरीतून काढलं त्याले सुया कायले टोचायच्या. थे उपदेशकही तसंच बोलले. उद्या अमरावतीच्या सभेत बाबांची साक्ष हाय."

"तू काय म्हटलं?"

"म्या काय म्हनू? म्या तुमाले फोन केला."

आतापर्यंत एका मशीनच्या चुकण्याने काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. या वेळी वर पाणीही होतं. मी अर्धी रजा टाकली आणि संध्याकाळपर्यंत अकोल्याला पोहोचले. बाबा अंगणात खुर्चीवर, हातात स्टीलचा गडू, पाय नडगीपर्यंत सुजलेले. माझी रेघांची बाटली तुळईला उलटी टांगलेली, चिमण्यांच्या पाण्यासाठी कापून.

"पाय बाई," बाबा म्हणाले, "किती गोड लागते."

भाऊ स्वयंपाकघरात होता. मी दार लोटलं आणि सांगितलं, "बाबा मेले नव्हते. म्या खोटं सांगितलं काकाले."

"काहून सांगशीन तू खोटं?"

"कबर संध्याकाळच्या आत व्हावी म्हनून."

तो हसला. मग हसायचा थांबला. "बाप आत मरून राहिला होता, अन् तू बाहेर कबरीचा टाईम लावून राहिली होती?"

"हो."

मला वाटलं, आता कळलं याला. वहिनी पोळपाटाशी हात थांबवून उभी होती. पण त्याने मान हलवली. "नाई. तुले पाहवत नाई, ताई. आजपर्यंत या घरात सगळं तूच केलं. आईची पेटी तू, बाबांचं हॉस्पिटल तू. या खेपेले देवानं मायाकडून करून घेतलं, तर तुले थे खोटं पाडायचं हाय."

"मेलेल्या मानसाले कोनी मशीन लावते काय रे?"

"देवाले अशक्य काय हाय?"

या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणूनच तो विचारतात. त्याने उपदेशकाला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, "ताईंसाठी आपण प्रार्थना करू. शंका कोणाकडून येते आपल्याला माहीत आहे." मी त्याला विचारलं की दहा पस्तीसला मेलेल्या माणसाच्या नळीत साडेबाराला रक्त कसं फिरत होतं, तुम्ही स्वतः पाहिलं ना? तो म्हणाला, "मी फक्त प्रभूकडे पाहिलं."

बुधवारी सकाळी हॉस्पिटलला जाऊ, असं मी बाबांना तीनदा म्हटलं. तीनदा त्यांनी गडू पुढे केला. दुपारी मी त्यांच्याबरोबरच गाडीत बसून अमरावतीला आले. बाबांनी शर्टला स्वतः इस्त्री केली होती. बोरगावपर्यंत ते दोन ग्लास पाणी प्यायले, मी मोजलं.

हॉल भरलेला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन कूलर, कोपऱ्यात कीबोर्ड. बाबा माइकसमोर उभे राहिले आणि मैदानावरच्या आवाजात बोलले. "म्या मेलो. अठ्ठ्याहत्तर ठोके वाजले. माई कबर खनली, माया उंचीच्या मापानं. अन् म्या हा इथं उभा हाय!" टाळ्या. इतक्या टाळ्या त्यांना कधी मिळाल्या नव्हत्या. गेली दोन वर्षं ते घरातले आजारी माणूस होते, ज्याच्यासमोर लोक आवाज उतरवून बोलतात. उपदेशकाने त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला ग्लास दिला. "डॉक्टर म्हणतात, दिवसाला अर्धा लिटर! पाहा!" बाबा घटाघट प्यायले आणि लोक उभे राहून ओरडले. तो त्यांचा त्या दिवसाचा सहावा ग्लास होता.

"आणखी कोणाची साक्ष?" उपदेशकाने विचारलं. असं विचारायची पद्धत असते.

मी उठले. माइक घेतला, पर्समधून यादी काढली आणि मागच्या बाजूला लिहिलेल्या वेळा वाचल्या. आठ वाजता कोसळले. पावणेदहाला डॉक्टर म्हणाले, नाडी पस्तीस. दहा चाळीसला मी खोटा निरोप दिला, कारण घंटेशिवाय कबर खणत नाहीत आणि शनिवारच्या संध्याकाळनंतर पुरत नाहीत. अकराला मशीन लागलं. बाराला नाडी अठ्ठेचाळीस. दोन पन्नासला शुद्धीवर. "हा माणूस मेला नव्हता," मी म्हटलं. "काल त्याचं मशीन चुकलं आहे. तुम्ही ज्याला टाळ्या वाजवल्या त्या पाण्याने तो मरेल."

भाऊ पहिल्या रांगेत खाली मान घालून बसला होता. उपदेशकाने माझ्या हातातून माइक काढून घेतला, अगदी अलगद.

"बहीण खोटं बोलली, तिने कबूल केलं, तिला क्षमा आहे," तो म्हणाला. "पण विचार करा. तिच्या तोंडून मरण कोणी वदवलं? कबर कोणी खणवून घेतली? ज्याला उठवायचं त्याच्यासाठी आधी कबर नको का?"

टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या. त्या टाळ्यांत माझं खोटं, माझी यादी, माझी लाज, सगळं त्यांच्या देवाच्या कामाला लागलं. मी आयुष्यात बऱ्याच जणांवर चिडले आहे, पण त्या माणसावर जितकी चिडले तितकी कोणावर नाही. चुकीला तो घाबरत नव्हता. चूक हेच त्याचं भांडवल होतं. असा देव कसा खोटा ठरवायचा, ज्याच्या बाजूने खरंही आणि खोटंही बोलतं?

रात्रीपुरते सगळे माझ्या घरी उतरले. भाऊ हॉलमधल्या गादीवर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. बाबांना आडवं होता येत नव्हतं. पाठीला तीन उशा लावून मी त्यांना बसवलं.

"बाई," ते म्हणाले, "घंटेचं कितीले सांगितलं तू?"

"दहा चाळीसले."

"डॉक्टर तवा काय म्हने?"

"तयारी ठेवा."

"मंग बरोबरच सांगितलं." ते थोडे दमले, मग पुढे बोलले. "मले मालूम होतं म्या मेलो नाई. सुई टोचली तवा समजलं मले. मेल्यावर सुई टोचत नसन."

"मग तिथं माइकवर काहून सांगितलं?"

"पानी देत होते न."

मी त्यांची उशी सरळ केली. ते म्हणाले, "तू बाटलीवर रेघा मारल्या होत्या."

"बाबा, पाणी छातीत चढलं की श्वास बंद होते."

"मालूम हाय."

"तुमाले मरायचं हाय काय?"

"मरायचं नाई," ते चिडून म्हणाले. "प्यायचं हाय."

सकाळी सहाला त्यांचा श्वास घरघरायला लागला. पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, ओठ जांभळे. भाऊ धावत आला, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. बाबांनी तो हात उचलून बाजूला केला.

"थे मंग कर. आधी ऑटो आन."

भाऊ तसाच उभा.

"ऑटो!" आवाज उरला नव्हता, पण हुकूम तोच होता, शाळेच्या मैदानावरचा. भाऊ अनवाणी जिना उतरला.

अमरावतीच्या हॉस्पिटलात चार तासांत साडेतीन लिटर पाणी निघालं. तंत्रज्ञाने आकडा मोठ्याने सांगितला, भाऊ समोरच होता. पुढच्या बुधवारी तो पुन्हा हॉलला गेला. देवाने वेळेवर ऑटो पाठवला, असं त्याने तिथे सांगितलं म्हणे. ऑटो त्याने आणला होता, चौकापर्यंत पळत जाऊन. तेवढं श्रेयही त्याला स्वतःला घेता आलं नाही.

नवी बाटली मी आणली नाही. बाबांनी स्वतःच हिशेब ठरवला. दिवसाला बर्फाचे दहा खडे, कधी खायचे ते त्यांचं ते ठरवणार, कोणी मोजायचं नाही. मी मोजलं नाही. मंगळवार-शुक्रवार त्यांनी एकही चुकवला नाही, सभेचं बोलावणं आलं तर म्हणायचे, "त्यायले सांग, म्या मेलो." ती रिकामी कबर मे महिन्यात मंडळीतल्या एका म्हातारीच्या कामी आली.

बाबा दिवाळीनंतरच्या एका सोमवारी पहाटे झोपेतच गेले. मी अकोल्यालाच होते. डॉक्टर येऊन पाहून गेले. मी यादी उघडली आणि घंटावाल्या काकांना फोन केला.

"काका, बाबा गेले."

"खरंच काय, ताई?"

"हो, काका."

"तुमी थांबा. म्या येतो."

ते सायकलवर आले. येताना कबर खणणाऱ्यालाही घेऊन आले. दोघे पलंगाजवळ बसले. काकांनी बाबांच्या छातीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग कबर खणणाऱ्याने ठेवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. काका उठले आणि घंटा वाजवायला गेले. पुन्हा अठ्ठ्याहत्तरच, वाढदिवसाला सहा आठवडे होते.

चार वाजता आम्ही फाटकाशी पोहोचलो, कबर तयार होती, कोणी थांबलं नाही. उपदेशकही आला होता, माइकशिवाय. बाबा शेवटच्या दिवशी उठतील, असं तो भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. मी यादीची सोळावी, शेवटची ओळ बघत होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे, प्रभू तिसऱ्याच दिवशी उठला होता म्हणून, भाऊ एकटाच कब्रस्तानात जाऊन बसला. वहिनीने सांगितलं. मी गेले नाही. दहा वाजता तो परत आला, डबा घेतला आणि कामावर गेला.

यादी मी पुन्हा उतरवली आणि फळ्यावर लावली. पहिल्या ओळीच्या वर आता एक नवी ओळ आहे: स्वतः जाऊन पाहून खात्री करणारा माणूस. पुढची जागा मी कोरी सोडली होती. पुढच्या रविवारी पाहिलं तर काकांनी बॉलपेनने तिथे लिहिलं होतं, "कोनीबी. ताई सोडून."